जुनी नावं प्रश्नचिन्हांत, नवी नीट: मराठी डेटाबेसची दुरुस्ती आणि घरचा सेटअप

प्रश्न थोडक्यात असा. एका पतसंस्थेसाठी सभासद नोंदणीची साइट पीएचपी आणि मायएसक्यूएलवर बनवली. घरी विंडोजवर झॅम्पमध्ये, म्हणजे पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणाऱ्या पॅकेजमध्ये, सगळं व्यवस्थित चालत होतं. मग ती लिनक्सच्या शेअर्ड होस्टिंगवर चढवली, तिथे मायएसक्यूएल ५.७ आहे. आता साइटवर जुन्या सभासदांची नावं म्हणजे नुसती प्रश्नचिन्हं, पण चढवल्यानंतर साइटवरून नोंदवलेली नावं मात्र छान दिसतात. पीएचपीमायॲडमिन, म्हणजे डेटाबेस ब्राउझरमध्ये पाहायचं साधन, उघडलं की नेमकं उलटं: जुनी नावं स्वच्छ मराठीत आणि नव्यांच्या जागी मात्रा दिलेली रोमन अक्षरं आणि चलनाची चिन्हं. विचारणाऱ्यांचे दोन प्रश्न आहेत. टेबलाचं एन्कोडिंग बदलणारी ऑल्टर कमांड चालवून टाकू का? आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून घरचा सेटअप कसा ठेवू?

कमांड चालवू नका. अशा वेळी सगळ्यात जास्त नुकसान मूळ बिघाडाने होत नाही, घाईघाईत केलेल्या दुरुस्तीने होतं. तुमचा बहुतेक डेटा या क्षणी शाबूत आहे, आणि तुम्ही दिलेली लक्षणं इतकी नेमकी आहेत की बिघाड कुठे आहे ते जवळजवळ खात्रीने सांगता येतं. तरीही सांगोवांगी काही करू नये. आधी बाइट पाहायचे.

मायएसक्यूएलमध्ये हेक्स नावाचं फंक्शन आहे, ते साठवलेले बाइट आकडे-अक्षरांत दाखवतं. पीएचपीमायॲडमिनच्या एसक्यूएल टॅबमध्ये सभासदाचं नाव थेट न मागता हेक्सच्या कंसात घालून मागा. एक जुनी नोंद घ्या, एक नवी घ्या. शक्यतो दोन्ही नावं 'म' ने सुरू होणारी निवडा, मंगल, महादेव काहीही. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि 'म' चे तीन बाइट आहेत ई०, ए४, एई. जुन्या नोंदीची सुरुवात 'ई०ए४एई' अशी आली आणि कॉलमचा कॅरेक्टर सेट (बाइट कोणत्या पद्धतीने वाचायचे याचं लेबल) यूटीएफ८एमबी४, म्हणजे मायएसक्यूएलचं पूर्ण यूटीएफ-८, असेल, तर ती नोंद ठणठणीत आहे. साइटवर प्रश्नचिन्हं दिसतात ती वाटेत तयार होतात, डेटाबेसमध्ये नाहीत. नव्या नोंदीची सुरुवात 'सी३ए०सी२ए४सी२एई' अशी आली, म्हणजे तीन बाइटच्या जागी सहा, तर ती नोंद दोनदा एन्कोड झालेली आहे. तिसरी शक्यता: 'ई०ए४एई' दिसतं पण कॉलम लॅटिन१, म्हणजे फक्त रोमन लिपीच्या जुन्या कॅरेक्टर सेटचा, आहे. मग बाइट बरोबर आहेत, त्यांच्यावरचं लेबल चुकीचं आहे. आणि चौथी, जी कोणालाही नको असते: नुसतं '३एफ३एफ३एफ'. ३एफ म्हणजे खरोखरचं प्रश्नचिन्ह. तिथे मराठी उरलेलंच नाही, कुठलीही कमांड ते परत आणणार नाही.

या चारांतलं कोणतं आहे हे कळल्याशिवाय दिलेला कोणताही सल्ला घातक ठरू शकतो. कारण एकीचा उपाय दुसरीला मारक आहे. तिसऱ्या प्रकारात 'कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट' चालवलं की ती दुसऱ्या प्रकारात जाते. पहिल्या प्रकारातल्या नोंदीवर दुसऱ्याचा उपाय चालवला की ती थेट चौथ्या प्रकारात. मी हे एका संस्थेच्या कामात जवळून पाहिलं आहे. कोणीतरी इंटरनेटवर सापडलेली एक ओळ रात्री सगळ्या टेबलांवर फिरवली आणि सकाळी निम्मी नावं गेली होती. त्या टेबलाची एक जुनी प्रत ऑफिसातल्या संगणकावर पडून होती म्हणून निभावलं.

आता तुमच्याकडे हे झालं कसं ते समजून घ्या, कारण दुरुस्तीचा क्रम त्यावरच ठरतो. टेबलाला कॅरेक्टर सेट असतो हे बहुतेकांना माहीत असतं. पण पीएचपी आणि मायएसक्यूएल यांच्यात जी जोडणी होते तिचाही स्वतःचा कॅरेक्टर सेट असतो. तो तुम्ही कोडमध्ये सांगितला नाही, तर पीएचपी सर्व्हरचा डीफॉल्ट मुकाट्याने उचलतं. झॅम्पच्या अलीकडच्या आवृत्त्यांत तो यूटीएफ८एमबी४ असतो. मायएसक्यूएल ५.७ पर्यंत मूळ डीफॉल्ट लॅटिन१ होता. २०१८ मध्ये आलेल्या ८.० पासून तो यूटीएफ८एमबी४ झाला. म्हणजे घरी तुमचा कोड बरोबर नव्हता, घरचा डीफॉल्ट बरोबर होता.

होस्टिंगवर गेल्यावर काय झालं पाहा. जुना डेटा तुम्ही पीएचपीमायॲडमिनमधून इम्पोर्ट केलात. ते स्वतःची जोडणी यूटीएफ८एमबी४ ने उघडतं, म्हणून तो डेटा जसाच्या तसा आत गेला. तुमची साइट मात्र लॅटिन१ ची जोडणी उघडून तो मागते. मायएसक्यूएलला वाटतं, या गिऱ्हाईकाला फक्त लॅटिन१ कळतं. 'म' लॅटिन१ मध्ये नाही, मग त्या जागी प्रश्नचिन्ह देतं. नवी नोंद करताना साइट यूटीएफ-८ चे तीन बाइट पाठवते, पण जोडणी म्हणते हे लॅटिन१ आहे. सर्व्हर त्या तीन बाइटना तीन स्वतंत्र रोमन चिन्हं समजून प्रत्येकाचं यूटीएफ-८ करून ठेवतो. परत मागताना हीच चूक उलट दिशेने होते आणि दोन चुका एकमेकींना पुसून टाकतात. म्हणून साइटवर नवी नावं 'नीट' दिसतात. ती नीट नाहीत. याच भ्रमात महिनोन्महिने काम चालतं आणि खराब नोंदी साठत जातात.

आणि इथेच सापळा आहे. कोडमध्ये जोडणीचा कॅरेक्टर सेट दुरुस्त केला, तर जुनी नावं त्याच क्षणी सुधारतील आणि नवी त्याच क्षणी बिघडलेली दिसतील. घाबरून लोक तो बदल मागे घेतात. घेऊ नका, तो बदल बरोबरच आहे. फक्त त्याच बैठकीत नव्या नोंदींची दुरुस्तीही व्हायला हवी.

त्यासाठी संध्याकाळी संस्था बंद झाल्यावरची वेळ घ्या. साइटवर 'देखभाल सुरू आहे' लावा, म्हणजे मध्येच नवी नोंद येणार नाही. डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या डेटाची एका फाइलमधली प्रत, काढा आणि तो होस्टिंगवरच न ठेवता स्वतःकडे उतरवून घ्या. मायएसक्यूएलडंप वापरत असाल तर डीफॉल्ट-कॅरेक्टर-सेटचा पर्याय यूटीएफ८एमबी४ असा स्पष्ट द्या, कारण ५.७ मधलं मायएसक्यूएलडंप न सांगता जुन्या तीन-बाइटी यूटीएफ८ ने डंप काढतं. शिवाय सभासद टेबलाची एक प्रत त्याच डेटाबेसमध्ये वेगळ्या नावाने करून ठेवा. सगळं काम आधी त्या प्रतीवर करायचं.

प्रतीत नावाशेजारी एक नवा रिकामा कॉलम घ्या, यूटीएफ८एमबी४ चा आणि ऐसपैस लांबीचा. मूळ कॉलमवर लिहायचं नाही. दोनदा एन्कोड झालेल्या नोंदी ओळखायच्या त्या हेक्सवरूनच: ज्यांच्या हेक्समध्ये 'सी३ए०सी२ए४' किंवा 'सी३ए०सी२ए५' कुठेही येतं त्या. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ई०ए४ किंवा ई०ए५ ने सुरू होतं, म्हणून या दोन खुणा पुरतात. फक्त त्या नोंदींसाठी नव्या कॉलममध्ये भरायचं: मूळ नाव कन्व्हर्टने लॅटिन१ मध्ये, ते कास्टने बायनरीमध्ये, आणि ते बायनरी पुन्हा कन्व्हर्टने यूटीएफ८एमबी४ मध्ये. आतून बाहेर अशी तीन कंसांची एकच ओळ होते. बाकीच्या, म्हणजे ठणठणीत नोंदींसाठी नाव जसंच्या तसं उतरवायचं. वेअरची अट विसरलात तर ठणठणीत मराठी लॅटिन१ मध्ये ढकललं जाईल आणि सगळी प्रश्नचिन्हं होतील. म्हणूनच वेगळा कॉलम.

हे काम मायएसक्यूएलच्या आतच करा, पीएचपीच्या यूटीएफ८_डीकोड फंक्शनने करू नका. दिसायला दोन्ही सारखंच करतात, पण मायएसक्यूएलचं लॅटिन१ हे प्रत्यक्षात विंडोज-१२५२ आहे आणि पीएचपीचं फंक्शन आयएसओ-८८५९-१ मानून चालतं. फरक ८० ते ९एफ या बाइटांत आहे, आणि आपलं दुर्दैव असं की 'क' पासून 'ट' पर्यंतच्या व्यंजनांचा शेवटचा बाइट नेमका त्याच पट्ट्यात येतो. 'क' चा शेवटचा बाइट ९५, विंडोज-१२५२ मध्ये तो जाड ठिपका. 'ी', 'ु', 'े', 'ो' आणि हलन्त यांचंही तेच. पीएचपीच्या वाटेने गेलात तर 'म', 'र', 'व' परत येतील आणि 'काकडे' चं अर्धं नाव प्रश्नचिन्हांत जाईल. ते फंक्शन पीएचपी ८.२ पासून तसंही मोडीत काढायला घेतलं आहे.

नवा कॉलम भरल्यावर दोन प्रकारच्या नोंदी हाताने तपासा. पहिल्या, जिथे नाव लांब आहे. दोनदा एन्कोड झालेलं नाव तिप्पट जागा खातं. 'ज्ञानेश्वर' मध्ये दहा चिन्हं आहेत: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. बिघडल्यावर त्याची तीस होतात. नाव, वडिलांचं नाव, आडनाव मिळून पंचवीस चिन्हं असतील तर पंच्याहत्तर. कॉलम व्हारकॅर ६० चा असेल आणि सर्व्हर कडक मोडमध्ये, म्हणजे न बसणारा डेटा नाकारणाऱ्या सेटिंगमध्ये, नसेल, तर साठाव्या चिन्हावर मायएसक्यूएलने तक्रार न करता कात्री लावलेली असेल. मूळ कॉलममध्ये ज्या नोंदींची कॅर_लेंग्थ बरोबर त्या कॉलमच्या मर्यादेइतकी आहे त्या वेगळ्या काढा. ती आडनावं कागदी अर्जावरून पुन्हा भरावी लागतील.

दुसऱ्या, जिथे खरोखर प्रश्नचिन्हं साठवली गेली आहेत. विचार करा, काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने एखाद्या जुन्या सभासदाचा मोबाइल नंबर बदलायला फॉर्म उघडला. नावाच्या खान्यात प्रश्नचिन्हं होती, त्यांनी नंबर बदलला आणि सेव्ह दाबलं. प्रश्नचिन्हं नाव म्हणून जपली गेली. नावात सलग दोन प्रश्नचिन्हं असलेल्या नोंदी शोधल्या की त्या सापडतात. त्यांची नावं तुमच्या घरच्या झॅम्पमधल्या प्रतीत अजून आहेत, सभासद क्रमांकावरून जोडून तिथून आणा. घरची प्रत तोवर पुसू नका.

प्रतीवर सगळं जमलं की तेच मूळ टेबलावर करा आणि मग कोडमध्ये जोडणीचा कॅरेक्टर सेट लिहा. जोडणी पीडीओने केली असेल तर डीएसएनमध्ये (जोडणीच्या ओळीत) कॅरसेट यूटीएफ८एमबी४, मायएसक्यूएलआय असेल तर सेट_कॅरसेट. 'सेट नेम्स' ची क्वेरी पाठवण्यापेक्षा हे बरं, कारण मग पीएचपीच्या बाजूलाही खरा कॅरेक्टर सेट ठाऊक असतो आणि एस्केपिंग (अवतरणासारखी चिन्हं सुरक्षित करणं) त्यानुसार होतं. साइटवर आणि पीएचपीमायॲडमिनमध्ये तीच नावं तशीच दिसली, की मगच नवा कॉलम जुन्याच्या जागी आणा आणि साइट उघडा.

आता दुसरा प्रश्न, घरच्या सेटअपचा. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो आणि मग कारणं देतो: घरी तोच डेटाबेस, त्याच आवृत्तीचा, त्याच सेटिंगचा चालवा जो सर्व्हरवर आहे. 'मायएसक्यूएल तर आहे ना' एवढं पुरत नाही. झॅम्पच्या कंट्रोल पॅनेलवर मायएसक्यूएल असं लिहिलेलं असलं तरी २०१५ पासून आत मारियाडीबी आहे. दोघं एकाच मुळाचे पण आता बरेच वेगळे झालेत. उलट दिशेने, म्हणजे मायएसक्यूएल ८ चा डंप झॅम्पमध्ये आणायला गेलं की '०९००_एआय_सीआय ही कोलेशन अनोळखी' म्हणून गाडी अडते, ती याचमुळे. कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम.

डॉकर, म्हणजे हव्या त्या आवृत्तीचे प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवणारं साधन, शिकायला एक शनिवार-रविवार द्या. वेब डेव्हलपरला त्यातलं थोडंच लागतं: एक कंपोज फाइल, तिच्यात पीएचपीची इमेज, मायएसक्यूएलची इमेज आणि डेटा टिकवायला एक व्हॉल्यूम. इमेजच्या टॅगमध्ये नेमका आकडा लिहा, 'लेटेस्ट' लिहू नका. नाहीतर सहा महिन्यांनी नव्या लॅपटॉपवर तीच फाइल वेगळाच डेटाबेस उभा करते. ती फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास जपणाऱ्या साधनात, ठेवा. पासवर्ड असलेली डॉट-ईएनव्ही फाइल मात्र गिटच्या बाहेर, आणि तिचा रिकाम्या किमतींचा नमुना आत. एकदा कमिट झालेला पासवर्ड नंतर पुसला तरी इतिहासात राहतो, त्यामुळे चूक झालीच तर फाइल पुसत बसण्यापेक्षा आधी पासवर्ड बदला. डॉकर जमणार नसेल, लॅपटॉपची रॅम कमी असेल, तर होस्टिंगच्या आवृत्तीचं मायएसक्यूएल वेगळं इन्स्टॉल करा. तेही चालतं.

जाता जाता: ५.७ चा अधिकृत आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. पतसंस्थेचा डेटा त्यावर ठेवू नये. होस्टिंगवाल्यांकडे ८.४ मागा, ती दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती आहे.

आवृत्तीइतकाच महत्त्वाचा आहे एसक्यूएल मोड. 'स्ट्रिक्ट_ट्रान्स_टेबल्स', म्हणजे वर आलेला कडक मोड, घरीही चालू हवा आणि सर्व्हरवरही. बऱ्याच शेअर्ड होस्टिंगवर जुन्या साइट मोडू नयेत म्हणून तो बंद ठेवलेला असतो. बंद असताना मायएसक्यूएल नावं कापतं, कॅरेक्टर सेटमध्ये नसलेल्या चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह घालतं आणि फक्त एक वॉर्निंग देतं, जी कोणी वाचत नाही. चालू असताना लांब नाव १४०६ क्रमांकाची आणि न बसणारं चिन्ह १३६६ क्रमांकाची चूक बनून तुमच्या तोंडासमोर येतं. शेअर्ड होस्टिंगवर ग्लोबल सेटिंग बदलता येत नसलं तरी जोडणी उघडल्याबरोबर त्या सेशनसाठी मोड लावता येतो. तेवढं करा.

विंडोजवरून लिनक्सवर जाताना आणखी तीन गोष्टी हमखास आडव्या येतात. टेबलांची नावं: विंडोजवर मायएसक्यूएल लहान-मोठं रोमन अक्षर सारखं मानतं, लिनक्सवर नाही, म्हणून सगळी नावं लहान अक्षरांत ठेवण्याची सवय लावा. फाइलींच्या नावांचंही तसंच. आणि पॉवरशेल: विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलमध्ये मायएसक्यूएलडंपचं आउटपुट बाणाने फाइलमध्ये वळवलं की ती फाइल यूटीएफ-१६ मध्ये बनते आणि परत इम्पोर्ट होत नाही. मायएसक्यूएलडंपचाच रिझल्ट-फाइल हा पर्याय वापरा. मी असे निरुपयोगी झालेले 'बॅकअप' एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी ते गरज पडल्यावरच उघडले गेले होते.

आता खास मराठीबद्दल, कारण हे आपल्याशिवाय कोणी आपल्यासाठी लिहून ठेवत नाही.

मायएसक्यूएलमधलं नुसतं 'यूटीएफ८' घेऊ नका. ते तीन बाइटपर्यंतच जातं. देवनागरी त्यात बसते, म्हणून बिघाड लगेच कळत नाही. पण सभासदाने तक्रारीच्या खान्यात हात जोडल्याचा इमोजी टाकला की तो चार बाइटचा असतो. मोड सैल असेल आणि जोडणीही त्याच 'यूटीएफ८' ची असेल तर इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर कापला जातो. म्हणजे 'नमस्कार', हात जोडलेले, आणि पुढची अख्खी तक्रार गायब. यूटीएफ८एमबी४ २०१० पासून उपलब्ध आहे, दुसरं काही वापरण्याचं कारण उरलेलं नाही.

मग 'कऱ्हाड'. हे गाव माझ्याकडे प्रत्येक प्रकल्पाच्या चाचणीत असतं. त्यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: एका कीबोर्डवरून नुक्त्याचा 'ऱ' आणि हलन्त असा येतो, दुसऱ्यावरून साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. डेटाबेसला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. मग कऱ्हाड तालुक्याचे सभासद शोधले की निम्मेच येतात आणि काउंटरवरची ताई म्हणते, 'नाव तर समोर दिसतंय, मग सापडत का नाही?' 'ॲ' चं तसंच. २००८ पासून युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा आहे, पण 'अ' वर अर्धचंद्र देऊनही तो लिहिला जातो. युनिकोडचं ठरावीक नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं), म्हणजे पीएचपीतला नॉर्मलायझर किंवा जावास्क्रिप्टमधलं नॉर्मलाइझ, यातलं थोडंच सांभाळतं. 'र' आणि सुटा नुक्ता यांचा एक 'ऱ' ते करतं. पण अदृश्य जोडचिन्ह तसंच ठेवतं आणि 'ॲ' ची दोन रूपंही एक करत नाही. म्हणून सेव्ह करताना आणि शोधताना, दोन्ही वेळी, एकाच छोट्या फंक्शनमधून मजकूर न्या: आधी नॉर्मलाइझ, मग 'र-हलन्त-जोडचिन्ह' चं 'ऱ-हलन्त', मग 'अ' आणि अर्धचंद्राचा 'ॲ', मध्ये जोडचिन्ह असलं तरी, मग मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा काढणं. दहा ओळींचं काम आहे. सुरुवातीलाच केलं तर पुढची कित्येक वर्षं शोध नीट चालतो.

व्हीएस कोडमध्ये अदृश्य युनिकोड चिन्हं ठळक करून दाखवण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. असं जोडचिन्ह कोडमध्ये घुसलं असेल तर तिथेच दिसतं. फाइली यूटीएफ-८ मध्ये आणि बीओएम, म्हणजे सुरुवातीची अदृश्य एन्कोडिंग-खूण, न घालता सेव्ह करा. पीएचपी फाइलच्या तोंडाशी बीओएम राहिला की 'हेडर्स आधीच पाठवले' ही चूक येते आणि माणूस तासभर रिकामी ओळ शोधत बसतो. मात्र एक्सेलसाठी सीएसव्ही काढून देत असाल, तर तिथे बीओएम मुद्दाम घाला. त्याशिवाय एक्सेल मराठी सीएसव्ही बऱ्याचदा चुकीच्या एन्कोडिंगने उघडतं आणि पतसंस्थेचा हिशेबनीस तुम्हालाच फोन करतो.

कोलेशन निवडण्याआधी तुमच्या सर्व्हरवर दोन शब्द बरोबरीच्या चिन्हाने तुलना करून पाहा: 'अंक' आणि 'अक', 'जमा' आणि 'ज़मा', 'काल' आणि 'काळ'. उत्तर '१' आलं म्हणजे ती कोलेशन त्यांना एकच समजते. शोधासाठी थोडी ढिलाई चालेल, पण युनिक इंडेक्स असलेल्या कॉलमला ती चालणार नाही. तिथे यूटीएफ८एमबी४_बिन घ्या. मराठी वर्णक्रमासाठी मायएसक्यूएलमध्ये खास कोलेशन नाही. युनिकोडच्या ओळीत 'ळ' हा 'ल' च्या लगेच नंतर येतो, आपल्या कोशांत तो 'ह' च्या पुढे. यादी छापायची असेल तर पीएचपीच्या इंटल एक्स्टेंशनमधलं कोलेटर मराठीसाठी उघडून शेवटची मांडणी तिथे करा. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर असाल तर १० व्या आवृत्तीपासून आयसीयू या युनिकोड लायब्ररीची मराठी कोलेशन डेटाबेसमध्येच मिळते.

मराठी मजकूर कापताना सबस्ट्र वापरू नका. ते बाइट मोजतं. 'महाराष्ट्र' त्याच्या लेखी तीस. मधल्या बाइटवर कापलं की शेवटी काळ्या चौकटीतलं चिन्ह दिसतं. एमबी_सबस्ट्र ने तो बिघाड टळतो, पण तेही जोडाक्षर मध्येच तोडून 'महाराष्' असं ठेवू शकतं. गोषवारा दाखवायचा असेल तर शब्दाच्या सीमेवर कापा, सगळे प्रश्न मिटतात.

वेगाबद्दल दोनच गोष्टी, कारण पतसंस्थेच्या आकाराच्या डेटाबेसला बाकी फारसं लागत नाही. मोबाइल नंबरचा कॉलम व्हारकॅर असेल (असायलाच हवा) आणि क्वेरीत नंबर अवतरणाशिवाय गेला, तर मायएसक्यूएल आकड्याची मजकुराशी तुलना करतं आणि इंडेक्स असूनही अख्खं टेबल चाळतं. आणि 'या तारखेचे व्यवहार' काढताना कॉलमला डेट फंक्शनमध्ये गुंडाळू नका. 'या दिवसाच्या सुरुवातीपासून पुढच्या दिवसाच्या सुरुवातीआधी' अशी मर्यादा लिहा. क्वेरीच्या पुढे एक्सप्लेन लावून 'की' (कोणता इंडेक्स वापरला) आणि 'रोज' (अंदाजे किती ओळी चाळल्या) हे दोन रकाने पाहिले की दोन्ही चुका पकडल्या जातात.

तारखेवरून आठवलं, सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसी या जागतिक वेळेवर असतं. आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदी आदल्या दिवसाच्या अहवालात जातात. ३१ मार्चच्या रात्री हे फार महागात पडतं. जोडणी उघडतानाच त्या सेशनचं टाइम_झोन '+०५:३०' लावा. भारतात घड्याळ मागेपुढे होत नाही, त्यामुळे हा साधा आकडा पुरतो. टाइमस्टॅम्प प्रकारचा कॉलम या सेटिंगनुसार बदलून दिसतो, डेटटाइम बदलत नाही, हे लक्षात ठेवून दोन्हींपैकी एकच सगळीकडे वापरा. पैशांसाठी डेसिमल, फ्लोट कधीच नाही.

राहिला बॅकअप. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. मग कळलं की रोजचा डंप कित्येक दिवस निघतच नव्हता, कारण डंप काढणारा प्रोग्राम पोस्टग्रेस ९.२ चा आणि डेटाबेस ९.६ चा होता. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहून जगासमोर ठेवलं, त्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. त्यातून मी दोन गोष्टी उचलल्या. लाइव्ह सर्व्हरच्या टर्मिनलचा प्रॉम्प्ट लाल करून ठेवला. आणि मायएसक्यूएल क्लायंट नेहमी सेफ-अपडेट्सचा पर्याय लावून उघडतो, म्हणजे वेअरशिवाय अपडेट किंवा डिलीट चालतच नाही. हाताने काही बदलायचं असेल तर आधी ट्रान्झॅक्शन सुरू, मग अपडेट, किती ओळी बदलल्या ते पाहून कमिट. मात्र मायएसक्यूएलमध्ये ऑल्टर आली की ट्रान्झॅक्शन आपोआप कमिट होतं, तिच्यावर रोलबॅकचा भरवसा ठेवू नका.

तुमच्या बाबतीत: दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सर्व्हरवरचा ताजा डंप घरच्या डॉकरमध्ये उतरवून चढवा, सभासदांची संख्या जुळते का पाहा आणि एक नाव हेक्समध्ये काढा. चाचणीसाठी मी टेबलात एक नोंद कायम ठेवतो: ज्ञानेश्वर, कऱ्हाड, आणि शेऱ्यात हात जोडल्याचा इमोजी. ती नोंद साइटवर, पीएचपीमायॲडमिनमध्ये आणि परत चढवलेल्या डंपमध्ये तीन ठिकाणी सारखी दिसली, की मी लॅपटॉप मिटतो.